रविवारच्या न्याहारीला दालचिनीचे गोड बन

मैत्रिणींनो, रविवारची सकाळ घरातल्या सगळ्यांना सुट्टीची असते. आपल्याला नसते, हे तुम्हांला मी नव्याने सांगायला नको. आठवडाभर पोळी-भाजीच्या डब्यांना कंटाळलेली मंडळी 'आज काहीतरी वेगळं कर ना' म्हणतात आणि आपण ओट्यापाशी उभ्या राहतो. थालीपीठं असोत, घावन असोत की डोसे, तव्यावर एका वेळी एकच. पहिलं मुलांना, दुसरं ह्यांना, तिसरं सासूबाईंना. आपल्या वाट्याचं उतरेपर्यंत मंडळी हात धुऊन वर्तमानपत्राची पानं वाटून घेत बसलेली असतात.

आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, रविवारी तुला टेबलाशी बसून गरम खाताना मी एकदाही पाहिलं नाही." त्या सहज बोलल्या, पण माझ्या मनात ते घर करून राहिलं. त्यांनी स्वतः तरी इतकी वर्षं कुठे बसून खाल्लं होतं!

तेव्हापासून मी असा पदार्थ शोधत होते, जो एकदम सगळा तयार होईल आणि रविवारचा वाटेल. पोहे-उपमा आहेतच, पण ते रोजचे. शेवटी सापडले दालचिनीचे बन. आदल्या संध्याकाळी वळून ठेवायचे, सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचे, की बाराच्या बारा एकदम हजर.

हे बन मूळचे स्वीडनचे. तिकडे त्यांना 'कानेलबुल्ले' म्हणतात. कानेल म्हणजे दालचिनी. दुपारच्या कॉफीबरोबर चार जणांनी मिळून काहीतरी गोड खायचं, गप्पा मारायच्या, ही तिथली रीत. तिचं नाव 'फिका'. नाव फिका असलं तरी प्रकार मुळीच फिका नाही! १९९९ सालापासून तिथे ४ ऑक्टोबरला या बनचा खास दिवसही साजरा होतो. मला सगळ्यांत गंमत वाटली ती याची, की या बनच्या पिठात वेलदोडा असतोच असतो. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत पिकणारा वेलदोडा त्या थंड देशात घरोघरी पावाच्या पिठात पडतो, आणि आपण मात्र तो शिरा-श्रीखंडापुरता राखून ठेवतो. ती मंडळी हे बन कॉफीबरोबर खातात. आपण न्याहारीला, चहाबरोबर खाऊ.

'यीस्ट' म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणी मागे सरतात. मीही सरत होते. पण यीस्ट म्हणजे काही अवघड रसायन नव्हे. डोळ्यांना न दिसणारे ते जिवंत जीव असतात. पिठातली साखर खाऊन ते वायू सोडतात, त्या वायूने पीठ फुगतं. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या आंबोळीच्या पिठासारखंच की!" अगदी बरोबर. थंडीत इडलीचं पीठ आलं नाही तर आपण डबा उबेला ठेवतो ना? तेवढी समज इथेही पुरते.

माझा पहिला प्रयत्न मात्र साफ फसला. घाईघाईत उकळलेलं दूध कोमट होण्याआधीच मी यीस्टवर ओतलं. दोन तास झाले तरी पीठ जागचं हललं नाही. तरीही हट्टाने भाजले. धाकट्याने एक बन टेबलावर आपटून पाहिला, तर 'ठक्क' असा आवाज आला. हे म्हणाले, "बैठकीचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे ठेवू या." हसण्यावारी नेलं, पण अर्धा किलो मैदा आणि लोणी वाया गेल्याचं मला दोन दिवस लागून राहिलं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून कृती जरा सविस्तर देते.

साहित्य (१२ बनांसाठी): मैदा ५०० ग्रॅम, दूध २५० मिलिलिटर (वर लागलं तर दोन-तीन चमचे), साखर ७५ ग्रॅम, मऊ लोणी ७५ ग्रॅम, इन्स्टंट ड्राय यीस्ट दीड चहाचा चमचा, मीठ पाऊण चमचा, वेलदोड्याची भरड पूड दीड चमचा. सारणासाठी मऊ लोणी ७५ ग्रॅम, साखर किंवा गुळाची पूड ७५ ग्रॅम, दालचिनीची पूड एक मोठा चमचा. अंडं अजिबात लागत नाही. लोणी खारं असेल तर मीठ निम्मं करा.

शनिवारी संध्याकाळी: दूध कोमट करा. करंगळी बुडवून सुखाने ठेवता आली पाहिजे. चटका बसला तर थांबा. त्यात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं झाकून ठेवा. वर फेस आला की यीस्ट जिवंत आहे असं समजा. फेस आला नाही तर तिथेच थांबा. एक पेलाभर दूध गेलं तरी चालेल, पण त्यात मैदा घालू नका.

मैद्यात उरलेली साखर, मीठ आणि वेलदोडा मिसळून त्या दुधात मळा. गोळा जमला की लोणी थोडं थोडं घालत दहा-बारा मिनिटं चांगलं मळा. सुरुवातीला ते हाताला चिकटेल, पण वरून मैदा टाकायचा मोह आवरा. जास्त मैद्याने बन कोरडे होतात. पिठाचा लहानसा तुकडा चिमटीत ताणला, तर न फाटता पातळ पडद्यासारखा झाला पाहिजे. मग तेलाचा हात लावून पातेल्यात झाकून ठेवा. आपल्या हवेत तास-सव्वा तासात पीठ दुप्पट होतं. थंडीत जास्त वेळ लागेल. घड्याळाकडे पाहू नका, पिठाकडे पाहा.

फुगलेलं पीठ हलकेच दाबून ओट्यावर दीड वीत रुंद आणि दोन वीत लांब असं लाटा. सारणाचं लोणी सगळीकडे पसरा, त्यावर साखर-दालचिनी भुरभुरा. लांब बाजूकडून आळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करा. सुरीने कापलं तर ती चेपते, म्हणून शिवणाचा जाड दोरा गुंडाळीखालून घालून वर त्याची आढी मारून ओढा; गोल तुकडे सुबक पडतात. बारा तुकडे करून लोणी लावलेल्या ट्रेमध्ये बोटभर अंतर सोडून मांडा, वर झाकण घाला आणि ट्रे फ्रिजमध्ये ठेवून निवांत झोपा. थंडीत यीस्टचं काम थांबत नाही, मंदावतं. रात्रभर ते तुमच्यासाठी हळूहळू राबत असतं.

रविवारी सकाळी: उठल्याबरोबर ट्रे बाहेर काढा आणि तासभर राहू द्या. तेवढ्यात तुमची आंघोळ, चहा, फुलं-पूजा होते. बन फुगून एकमेकांना टेकू लागले, की वरून दुधाचा हात फिरवा. स्वीडनमध्ये वर पांढऱ्या साखरेचे जाड दाणे घालतात. आपण खडीसाखर जाडसर कुटून घालावी. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून घ्या आणि बन २० ते २५ मिनिटं भाजा. वरून बदामी झाले की काढून लगेच लोण्याचा हात फिरवा.

काही सूचना:

दालचिनी पिठात मिसळू नका, सारणातच ठेवा. तिच्या तिखट तेलाने यीस्टची वाढ मंदावते. वेलदोड्याचं तसं नाही.

वेलदोडे आयत्या वेळी सोलून कुटा. डब्यात राहिलेल्या पुडीचा वास उडून गेलेला असतो.

मैदा नको असेल तर पाव हिस्सा कणीक घाला. जास्त घातली तर बन जड होतील आणि दूधही थोडं जास्त लागेल.

यीस्टचं फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

ट्रे विकत घेण्याआधी ओव्हनचं माप घ्या. ओव्हन लहान असेल तर सगळं साहित्य निम्मं घेऊन सहाच बन करा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या कढईत स्टँड ठेवून, झाकण घालून दहा मिनिटं तापवा आणि त्यात निम्म्या साहित्याचे बन लहान डब्यात ठेवून मंद आचेवर अर्धा तास भाजा. वरून तांबूस होणार नाहीत, पण आतून छान मऊ होतात.

दुसऱ्या खेपेला आमचे बन ट्रेच्या वर डोकावत होते. वासाने मुलं न उठवता उठली. मी ट्रे टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि सवयीने ओट्याकडे वळले, तर तिथे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सासूबाईंनी शेजारची खुर्ची पुढे ओढली, म्हणाल्या, "बस आता." त्या दिवशी आम्ही दोघींनी पहिला बन सगळ्यांबरोबर खाल्ला, बोटांना चटके बसतील इतका गरम.

येत्या शनिवारी संध्याकाळी तुम्हीही करून पाहा. आणि हो, रविवारी टेबल मांडताना आपलीही बशी आठवणीने मांडा!