पाण्याची पाळी सगळ्यांनी पाळावी म्हणून



पाटाचं पाणी असो की विहिरीचं, गावात नियम ठरतात, पण टिकत नाहीत. “लोकांना कळतच नाही,” असं आपण म्हणतो. खरी अडचण निराळी आहे. बहुतेक माणसं नियम पाळायला तयार असतात. पण शेजारीही पाळतोय, ही खात्री त्यांना लागते. एकानं रात्री चोरून पाणी वळवलं की दुसरा म्हणतो, “मग मीच का थांबू?”

अर्न्स्ट फेर व सायमन गॅख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली याबाबतचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकानं आपल्याजवळच्या पैशातून हवे तेवढे समाईक ठेवीत घालायचे. लाभ सगळ्यांना सारखा. पहिल्या फेऱ्यांत लोकांनी बऱ्यापैकी पैसे घातले, पण पुढे फेरीगणिक वर्गणी घटत गेली. फुकट्याला दंड करण्याची सोय दिल्यावर मात्र ती वाढली. दंड करणाऱ्याला स्वतः पदरमोड करावी लागे, तरी लोकांनी दंड केला.

आपल्याकडे ही गोष्ट जुनीच आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. एका फडात एकच पीक. कोणत्या फडाला काय लावायचं, हे पाणी पाहून शेतकरीच मिळून ठरवीत. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यामुळे कुणी जास्त पाणी घेतलं तर ते लपत नसे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेनंही पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यावरून पिकं ठरवण्याची रीत पाडली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतल्या अशा व्यवस्था अभ्यासल्या. त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांत नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, देखरेख होती आणि दंड पायरीपायरीनं वाढत होता.

तेव्हा एवढं करून पहा :

1) नियम ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून ठरवा, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आधी बोलू द्या.
2) पाळीची यादी व विहिरींची पातळी चावडीवरच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहा.
3) पहिल्या चुकीला समज, दुसरीला लहान दंड, पुढे मोठा. आप्त असो वा पुढारी, दंड सारखाच.
4) किती जणांनी नियम पाळला, तेही फळ्यावर मांडा. चोरीचीच चर्चा झाली, तर सगळेच चोरतात असं वाटू लागतं.

रब्बीची पेरणी ठरवण्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या.