ताप उतरल्यानंतर

ताप उतरला म्हणजे आजार संपला, असे आपण सहज समजतो. सामान्य माणसाला ही समजूत थोडीफार महाग पडते. ज्याचे जीवनच दमसासावर उभे आहे, अशा खेळाडूला ती फारच महाग पडू शकते. ब्रिटनचे सायकलपटू मार्क कॅव्हेंडिश यांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘टूर द फ्रान्स’ ही तीन आठवडे चालणारी, एकवीस टप्प्यांची शर्यत. तिचे ३४ टप्पे जिंकण्याचा विक्रम बेल्जियमच्या एडी मर्क्स यांच्या नावावर होता. २०१६ अखेर कॅव्हेंडिश यांनी ३० टप्पे जिंकले होते. पुढील वर्षी एप्रिलमध्ये त्यांना एपस्टाइन-बार विषाणूची बाधा झाल्याचे निदान झाले.

हा विषाणू १९६४ साली शास्त्रज्ञांना गवसला. तो मुख्यतः लाळेवाटे पसरतो. बालपणी त्याची लागण झाली तर बहुधा कळतही नाही; तरुणपणी मात्र ताप, घशाची सूज, मानेच्या गाठी आणि आठवडेच्या आठवडे न हटणारा थकवा अशी लक्षणे दिसतात. काहींची पांथरी सुजते व धक्का बसल्यास ती फुटण्याचा धोका असतो. प्रतिजैविकांचा येथे उपयोग नाही. विश्रांती हाच मुख्य उपचार होय.

कॅव्हेंडिश त्याच जुलैत शर्यतीत उतरले. पण अपघातात त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. २०१८ च्या शर्यतीत डोंगरातील एका टप्प्यावर ते ठरलेल्या वेळेत पोहोचू शकले नाहीत. ऑगस्टमध्ये तपासणी झाली, तेव्हा उलगडा झाला की, कित्येक महिने ते हाच आजार अंगावर घेऊन शर्यती खेळत होते. त्यांनी बेमुदत विश्रांती घेतली. त्या काळात नैराश्यानेही त्यांना ग्रासले होते. २०२० मध्ये, ही आपली अखेरची शर्यत ठरेल की काय, असे सांगताना त्यांना अश्रू आवरले नाहीत.

परंतु २०२१ च्या एप्रिलमध्ये तुर्कस्तानात तीन वर्षांनंतरचा पहिला विजय मिळाला आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी चार टप्पे जिंकून मर्क्स यांची बरोबरी केली. ३ जुलै २०२४ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पस्तिसावा टप्पा जिंकला. या यशात सहकाऱ्यांचा व जिद्दीचा वाटा मोठा आहेच. पण शरीराला सावरण्यास वेळ मिळाला नसता, तर जिद्द तरी काय करती?

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी धावण्याच्या शर्यतीची तयारी करीत असेल, तर विषाणुजन्य तापानंतर घाई करू नये. या विशिष्ट आजारात निदान तीन आठवडे व्यायाम वर्ज्य मानतात. प्रथम दैनंदिन कामे, मग चालणे, मग हलके धावणे, आणि वेग सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. कित्येकदा आजचा श्रम आज बाधत नाही. एक-दोन दिवसांनी बाधतो. तसे झाल्यास एक पायरी मागे यावे. छातीत दुखणे, धडधड किंवा धाप जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

अशा वेळी घरच्यांनी विश्रांतीला आळस म्हणू नये. ‘केव्हा धावणार?’ या प्रश्नाऐवजी ‘आज कसे वाटते?’ एवढे विचारले, तरी आजाऱ्याला मोठा आधार मिळतो.