रे रोडच्या मातीत अळू लावण्याआधी

मुंबईतल्या रे रोड स्टेशनातून पूर्वेला दारूखान्याकडे वळलं की दुतर्फा लोखंडी पत्रे, साखळदंड, जहाजांचे सुटे भाग. इथे कित्येक दशकं जहाजं तोडली गेली. म्हणजे रंग दिलेलं पोलाद गॅस कटरने कापलं गेलं. जुन्या जहाजी रंगात शिसं असे, इंजिनांत तेल, पाइपांच्या वेष्टनात अ‍ॅस्बेस्टॉस. त्यातून बंदराकाठची बरीचशी जमीन मुळात समुद्रात भर घालून केलेली. अशा ठिकाणी गोदामामागे नाहीतर चाळीच्या कडेला अळू-माठ लावू पाहणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं : माती काळीभोर आहे, गांडुळंही आहेत, मग काय बिघडलं?

गांडुळं दिसली की मातीत सेंद्रिय पदार्थ आहे एवढंच कळतं. बऱ्यापैकी शिसं असलेल्या मातीतही ती मजेत जगतात.

‘आम्ही माती तपासून घेतली आहे’ हा दावा त्याहून फसवा, कारण तो खरा असतो. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब असे १२ घटक असतात. पिकाला काय कमी पडतंय, हे त्यातून समजतं. शिसं आणि कॅडमियम त्या यादीत नाहीतच. पत्रिका उत्तम आली म्हणून भाजी निर्धोक ठरत नाही. त्यासाठी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते : शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल, पारा. तेल सांडलेली जागा असेल तर तेही सांगावं. धातूंच्या तपासणीत तेल सापडत नाही.

‘इतके पावसाळे गेले, धुऊन गेलं असेल.’ शिसं चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून वरच्या थरातच बसतं. देशभर शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधी रस्त्याकडेला साचलेलं शिसं अजून बरंचसं तिथेच आहे. शेणखताने ते ‘मरत’ही नाही, कारण ते मूलद्रव्य आहे, कुजायचं कसं? मात्र भरपूर कंपोस्ट घातलं आणि सामू ७ च्या आसपास ठेवला, तर ते झाडाला कमी मिळतं. सूर्यफुलं लावून माती शुद्ध करण्याची कल्पना देखणी आहे खरी, पण तिला वर्षानुवर्षं लागतात आणि शेवटी ती झाडं कुठे टाकायची हा प्रश्न उरतोच.

झाडाने शोषलेलं विष हीच एक भीती, असंही नाही. शिसं वांग्या-भेंडीच्या फळात फारसं चढत नाही. ते पोटात जातं मुख्यतः पानाला, मुळ्याला आणि लहान मुलांच्या हाताला चिकटलेल्या मातीतून. म्हणून शिशाच्या बाबतीत भाजी नीट धुण्याचा मोठा उपयोग होतो. कॅडमियमचं उलट आहे : ते पालकाच्या पानातच मुरतं, तिथे नळाखाली धुऊन काही साधत नाही.

नमुना घेताना एकाच कोपऱ्यातली मूठभर माती उचलू नका. आठ-दहा ठिकाणी वीतभर खणा, प्लास्टिकच्या बादलीत सगळी एकत्र करा, त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवा. गंजकं फावडं किंवा जस्ताचं घमेलं नको. मुलं खेळत असतील तर वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थराचा नमुना वेगळा द्या. नैसर्गिक मातीत किलोमागे साधारण १० ते ५० मिलिग्रॅम शिसं असतं. निवासी जागेच्या मातीसाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेने ४०० मिलिग्रॅमचा इशारा-आकडा जानेवारी २०२४ मध्ये २०० वर आणला. तुमचा आकडा शंभरापुढे गेला तर, माझ्या मते, पालेभाजी आणि मुळा जमिनीत लावूच नये.

गच्चीवर वाफे करता येतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली. फक्त त्यासाठी भंगारबाजारातला स्वस्त निळा ड्रम उचलण्याआधी त्यात पूर्वी काय भरलेलं होतं ते विचारा. लेबल खरवडलेलं असेल तर तो ड्रम तिथेच ठेवा.