कागद दडवणाऱ्याला दावाही गमवावा लागतो

जळगाव : वडिलोपार्जित शेतीची वाटणी असो, भागीदारीचा हिशेब असो वा कापसाच्या व्यवहारातील थकलेले पैसे, दिवाणी दाव्याचा निकाल बहुधा साक्षीदारापेक्षा कागदावर ठरतो. नेमका तोच कागद प्रतिपक्षाच्या कपाटात असेल तर काय करावे, हा जळगाव आणि धुळ्यातील न्यायालयाची पायरी चढणाऱ्या पक्षकारांपुढचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे.

वादीने आपल्या भिस्तीचे दस्तऐवज दाव्यासोबत आणि प्रतिवादीने लेखी कैफियतीसोबत दाखल करायचे असतात. सातबारा, फेरफार यांसारख्या सरकारी नोंदींच्या प्रमाणित नकला कोणासही मिळवता येतात. खरा वाद होतो तो खासगी हिशेबवह्या, पावत्या आणि करारपत्रांवरून. संहितेच्या ऑर्डर ११, नियम १२ नुसार अर्ज केल्यास, ताब्यात कोणते दस्तऐवज आहेत हे शपथेवर सांगण्याचा आदेश न्यायालय प्रतिपक्षाला देऊ शकते. मात्र न्याय्य निकालासाठी किंवा खर्च वाचवण्यासाठी ते आवश्यक नसतील, तर अर्ज फेटाळला जातो. आदेश न पाळल्यास नियम २१ नुसार वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो.

गिरणीचा ताळेबंद

याच तत्त्वाच्या जवळचा एक महत्त्वाचा निकाल जळगावचाच आहे. खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स आणि राष्ट्रीय गिरणी कामगार संघ यांच्यातील बोनसचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हा वाद औद्योगिक होता, दिवाणी नव्हे. राखीव निधी खेळते भांडवल म्हणून वापरला, हे सिद्ध करण्यास केवळ ताळेबंद पुरेसा नाही. मालकाने तसा पुरावा द्यावा आणि कामगारांना उलटतपासणीची संधी मिळावी, असे न्यायालयाने १९६०मध्ये स्पष्ट केले. हिशेब ज्याच्या हाती, उलगडा करण्याची जबाबदारीही त्याचीच.

कल्याणजवळील हाजी मलंग दर्ग्याच्या जमिनीसंबंधी १९६८च्या निकालात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. पुराव्याचा भार नसला तरी हातातील उत्तम पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येते, असे त्यात म्हटले आहे.

खर्चाचा फटका

कलम ३५ नुसार हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, हा सामान्य नियम. तो न पाळल्यास न्यायाधीशांना कारणे नोंदवावी लागतात. तारखा लांबवणाऱ्यावर कलम ३५ब खाली खर्च बसतो आणि तो भरल्याशिवाय दावा वा बचाव पुढे चालवता येत नाही. खोट्या वा त्रासदायक दाव्यासाठी कलम ३५अ खालील भरपाई मात्र कमाल तीन हजार रुपये आहे. ही मर्यादा किमान एक लाख असावी, असे मत सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये व्यक्त केले; सर्वसाधारण दाव्यांत ती कायम आहे.

व्यापारी तंट्यांचे चित्र वेगळे आहे. २०१५च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने स्वतःच्या विरोधात जाणारे दस्तऐवजही शपथेवर उघड करणे बंधनकारक केले आणि तीन हजारांची मर्यादा काढली. २०१८च्या दुरुस्तीने किमान मूल्य एक कोटीवरून तीन लाखांवर आले. त्यामुळे डाळ वा कापसाच्या मध्यम व्यवहारातील वादही या कक्षेत येऊ शकतात. शेतीच्या वाटणीचा दावा मात्र जुन्याच मार्गाने चालतो. तेथे मुद्दे निश्चित होण्यापूर्वीच मूळ कागद दाखल करणे आणि प्रतिपक्षाकडील कागदांची यादी लेखी अर्जाने मागणे, हेच पक्षकाराच्या हिताचे.