विश्लेषण : जोडीला दुसरा सर्व्हर असूनही कारभार ठप्प का होतो?

एक सर्व्हर बंद पडला की दुसऱ्याने त्याचे काम आपोआप हाती घ्यायचे, ही ‘फेलओव्हर क्लस्टर’ची कल्पना. ती उद्योगांना कितपत उपयोगी ठरते, तिचा खर्च कोणाला परवडतो आणि ती नेमकी कुठे दगा देते?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी काय घडले?

मासिक वायदे सौदापूर्तीच्या आदल्या दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातील (एनएसई) व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचार वाजता. त्यासाठी बाजाराची वेळ सायंकाळी पाचपर्यंत वाढवावी लागली. दरम्यान, एनएसई त्या दिवशी सुरू होईल की नाही याची खात्री नसल्याने अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे मुंबई शेअर बाजारात बंद करून टाकले. पाठोपाठ एनएसई सुरू झाला आणि ज्यांचे सौदे नको त्या भावाला बंद झाले होते, त्यांनी समाजमाध्यमांवर संताप व्यक्त केला.

एनएसईने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार सुरुवात दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांतील बिघाडाने झाली. त्यातून माहिती साठवणारी ‘सॅन’ यंत्रणा अनुपलब्ध झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेली जोखीम व्यवस्थापन यंत्रणा बंद पडली. सौदे जुळवणारी यंत्रणा सुरूच होती. पण जोखीम मोजता येत नसताना सौदे होऊ देणे धोक्याचे, म्हणून बाजार थांबवला गेला. पर्यायी जोडण्या आणि पर्यायी केंद्र दोन्ही होते. तरीही चार तास गेले.

क्लस्टर चालतो कसा?

दोन किंवा अधिक सर्व्हर एकमेकांना सतत ‘मी जिवंत आहे’ असा संदेश पाठवतात. त्याला ‘हार्टबीट’ म्हणतात. विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये मूळ मांडणीनुसार दर सेकंदाला एक ठोका जातो. एकाच नेटवर्कमधील यंत्राचे सलग दहा ठोके चुकले की ते गेले असे मानले जाते. मग दुसरा सर्व्हर तोच आयपी पत्ता आणि तोच डेटाबेस घेऊन कामाला लागतो. ग्राहकाला पत्ता बदलल्याचे कळत नाही.

मात्र हे ‘आपोआप’ म्हणजे ‘क्षणात’ नव्हे. नव्या यंत्रावर डेटाबेस उघडावा लागतो, अर्धवट राहिलेले व्यवहार मागे घ्यावे लागतात, तुटलेल्या जोडण्या पुन्हा जुळाव्या लागतात. यात काही सेकंद ते काही मिनिटे जातात. विक्रीच्या माहितीपत्रकात हा तपशील सहसा बारीक अक्षरांत असतो.

मग फायदा काय?

वर्षभरात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे सुमारे पावणेनऊ तास बंद. ती ९९.९९ टक्क्यांवर नेली तर बंदचा काळ ५२ मिनिटांवर येतो. एकट्या सर्व्हरचा वीजपुरवठा संच किंवा मदरबोर्ड जळाला, तर सुटा भाग येईपर्यंतच पावणेनऊ तास संपतात. क्लस्टरमध्ये तोच बिघाड दोन-चार मिनिटांच्या अडथळ्यावर निभावतो.

पण रोजच्या कामातला मोठा फायदा वेगळाच आहे आणि त्याची चर्चा कमी होते. सर्व्हरला सुरक्षा अद्यतने द्यायची असतात. एकच सर्व्हर असेल तर रविवारी मध्यरात्री जागावे लागते किंवा अद्यतन पुढे ढकलले जाते, आणि बहुतेक ठिकाणी ढकललेच जाते. क्लस्टरमध्ये काम एका यंत्रावर सरकवून दुसरे दिवसाढवळ्या अद्ययावत करता येते.

४३ सेकंदांचे २४ तास कसे झाले?

क्लस्टरमधील सर्वांत अवघड प्रश्न असा : शेजारचा सर्व्हर खरोखर बंद पडला आहे, की फक्त मधली तार तुटली आहे? दुरून दोन्ही सारखेच दिसते. दोघांनीही ‘दुसरा गेला’ असे समजून काम सुरू केले, तर एकाच खात्याच्या दोन वेगवेगळ्या नोंदी तयार होतात. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात.

त्यावर उपाय बहुमताचा. तीन मते ठेवायची आणि दोन मते मिळतील त्याच बाजूने काम करायचे. दोनच सर्व्हर असतील तर तिसरे मत एखाद्या डिस्कला किंवा दूरच्या साक्षीदार यंत्राला देतात. शिवाय संशयित यंत्राची वीजच तोडण्याची सोय करतात. लिनक्सच्या जगात तिचे नाव ‘स्टोनिथ’. समोरच्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाला, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे.

बहुमत असूनही काय होऊ शकते, हे ‘गिटहब’ने २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनुभवले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांच्या मुख्य डेटा सेंटरची जोडणी देखभालीच्या कामात ४३ सेकंद तुटली. स्वयंचलित यंत्रणेने नियमाप्रमाणे बहुमत जमवून डेटाबेसचे मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे दिले. जोडणी परत आली तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. आता मागे फिरले तर नोंदी गमावण्याची भीती. कंपनीने सेवेपेक्षा माहिती वाचवण्याला प्राधान्य दिले. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. यंत्रणेत बिघाड नव्हता. तिला जे सांगितले होते तेच तिने केले.

क्लस्टर काय वाचवत नाही?

चुकून पुसलेला तक्ता, रॅन्समवेअर, सदोष अद्यतन. दोन्ही सर्व्हर एकच साठवण वापरत असतील तर खराब झालेली माहिती दोघांनाही खराबच दिसते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्यतनाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. क्लस्टरच्या दोन्ही यंत्रांवर तेच अद्यतन उतरले असेल तर जोडीचा उपयोग शून्य. त्यामुळे क्लस्टर घेतला म्हणून बॅकअप थांबवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. सामायिक साठवण हीच एकमेव असेल, तर दोन सर्व्हर असूनही जीव एकाच ठिकाणी अडकलेला राहतो.

कोणाला परवडतो?

दुसरा सर्व्हर, सामायिक साठवण, दुहेरी स्विच, सॉफ्टवेअर परवाने आणि हे सगळे समजणारा माणूस. शेवटची बाब सर्वांत महाग. तासाभराचा खोळंबा किती रुपयांचा, हा हिशेब आधी करावा लागतो. घाऊक औषध विक्रेत्याला दोन तास हाताने बिले लिहिता येतात; त्याला रोजचा तपासलेला बॅकअप आणि तयार ठेवलेला एक जादा सर्व्हर पुरतो. सहकारी बँकेच्या कोअर बँकिंगला ते चालत नाही. एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरचा वीजपुरवठा २१ नोव्हेंबर २०२० रोजी खंडित झाला. वारंवारच्या अशा व्यत्ययांनंतर रिझर्व्ह बँकेने डिसेंबरमध्ये तिला नवी डिजिटल उत्पादने आणि नवी क्रेडिट कार्डे तात्पुरती थांबवायला लावली. कार्डांवरील बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, उरलेली मार्च २०२२ मध्ये.

‘सेबी’ने काय बदलले?

मार्च २०२१ मध्ये ‘सेबी’ने बाजारसंस्थांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून कामकाज पूर्ववत करायचे. म्हणजे थांबायचे की सरकायचे, यावर तासन् तास खल करण्याची मुभा उरली नाही. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजार मुद्दाम उघडले गेले. सकाळचे पहिले सत्र मुख्य केंद्रातून आणि नंतरचे पर्यायी केंद्रातून चालले, तेही खऱ्या सौद्यांसह.