पिवळा दिवा लागला, आता काय?

मुलांना राणीचा किल्ला दाखवायला नागपूरहून झाशीला निघालात, तर राष्ट्रीय महामार्ग ४४ वर तुमची जुनी स्कॉर्पिओ किंवा सफारी मजेत पळते. खरी परीक्षा जुन्या शहरात. दतिया गेटजवळच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगतेय, एसी चालू, मे महिन्याचं ऊन, आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो!

आधी शेजारचे दोन दिवे बघा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. दोन्ही ठीक असतील आणि पिवळा दिवा स्थिर असेल, तर सावकाश मुक्कामी पोहोचता येतं. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल, तर मात्र सिलिंडर मिसफायर होतोय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो, 'इंधनाच्या टाकीचं झाकण घट्ट करा.' तो पेट्रोल गाड्यांसाठी. आपल्याकडच्या जुन्या एसयूव्ही बहुतेक डिझेलवर चालतात, तिथे हा उपाय कामाचा नाही. डिझेलमध्ये संशय घ्यायचा तो काजळीने चोंदलेल्या ईजीआर व्हॉल्व्हवर, तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपवर, टर्बोच्या सैल होजवर, मळलेल्या एअर फिल्टरवर. हळूहळू, थांबत थांबत चालवल्याने काजळी वाढते. गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, ही तिची खूण.

भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून सक्तीचा झाला. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. ब्लूटूथ स्कॅनर लावला की कोड मोबाइलवर दिसतो. त्याआधीच्या गाडीशी स्वस्त स्कॅनर बोलेलच असं नाही.

कोड म्हणजे निकाल नव्हे, हे मेकॅनिकसमोर लक्षात ठेवा. पी०४०१ एवढंच सांगतो, की ईजीआरमधून पुरेसा वायू जात नाही. व्हॉल्व्ह नुसता साफ करून भागेल, कदाचित फक्त पाइप फुटला असेल. 'नवीन टाकावा लागेल' असं कुणी लगेच म्हणालं, तर आधी पाइप तपासायला सांगा. आणि बॅटरीची तार काढून दिवा घालवू देऊ नका. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही पुसली जाते, मग पुढचा मेकॅनिक अंधारात चाचपडतो. कोडचा फोटो काढून ठेवा.

जुनी गाडी विकत घेताना तर हा दिवा मुद्दाम बघा. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी मुद्दाम काढलाय.