नदीकाठचा मुक्काम आणि वैद्याची ऋतुचर्या

भिवंडीतील वैद्याचा दिवस यंत्रमागांच्या खडखडाटात उगवतो आणि चिकित्सालयातील शेवटच्या रुग्णाबरोबर रात्री उशिरा मावळतो. अशा व्यवसायबंधूंनी वर्षातून दोन दिवस तरी नदीकाठी लाकडी कुटीत राहावे, ज्या वनस्पतींची चूर्णे आपण रोज देतो त्या जिवंत पाहाव्यात, ही कल्पना स्वागतार्हच आहे. आपल्या तालुक्यातून वाहणारी तानसा नदी व वज्रेश्वरी-अकलोलीचा परिसर त्यास सोयीचा आहे. परंतु हा मुक्काम आपण वैद्य या नात्याने आखतो का, असा प्रश्न स्वानुभवामुळे विचारावासा वाटतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण ऐन श्रावणात अशाच एका कुटीत उतरलो होतो. सायंकाळी पाऊस थांबला, आकाश निवळले, आम्ही निश्चिंत झालो. मध्यरात्री एकास जाग आली तेव्हा पाणी पायरीला लागले होते. अंधारात, गुडघाभर पाण्यातून, एकमेकांचे हात धरून आम्ही रस्त्यावर आलो. जीवितहानी झाली नाही, हे केवळ दैव. पुढील आठवड्यात चौघांस ज्वर व अतिसार झाला. दोष कोणाला द्यावा? वर्षा ऋतूत वाग्भटाचार्यांनी नदीजल, दिवास्वाप, अतिश्रम व आतप वर्ज्य सांगितले आहेत. रुग्णांना हे सांगणारे आम्ही अकराही जण स्वतःपुरते ते विसरलो होतो.

स्थान व काळ

तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले आणि आजही मुंबईला पाणी पुरवते. ते भरून वाहू लागले की काठावर पाऊस नसतानाही खालच्या अंगाला नदी चढते. म्हणून पावसाळ्यात काठावरचा मुक्काम नकोच. अन्य ऋतूंतही कुटी उंचवट्यावर असावी, आणि पूर्वी पाणी कोठवर आले होते हे व्यवस्थापकास न विचारता गावातील वृद्धांस विचारावे.

शरदात जल निर्मळ होते. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले व अगस्त्योदयाने निर्विष झालेले हंसोदक ते याच ऋतूतले. मात्र याच ऋतूत दव, पोटभर जेवण, दही, तेल, वसा, ऊन, तीक्ष्ण मद्य, दिवसाची झोप व पूर्वेचा वारा ग्रंथकारांनी निषिद्ध मानले आहेत. सहलीतील बहुतेक सगळ्या हौशी या एका यादीत येतात! त्यामुळे मार्गशीर्ष-पौषातील हेमंत अधिक योग्य. अग्नी प्रदीप्त असतो, बल उत्तम असते, नदी शांत असते. सकाळी अभ्यंग, उष्णोदक स्नान व रात्री उबदार पांघरूण एवढे सांभाळावे.

जल, कुंड व आत्ययिक प्रसंग

नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळूनच प्यावे. निर्मळीच्या बियांनी गाळ खाली बसतो, पण त्यामुळे जंतू नष्ट होतात असे समजू नये. उकळलेले पाणी शिळे झाल्यास त्रिदोषकर होते, म्हणून ते रोज ताजे करावे. अकलोलीच्या उष्ण कुंडात उतरणे हे एक प्रकारचे स्वेदनच होय. गर्भिणी, मधुमेही, रक्तपित्ती व पित्तप्रकृतीच्या सोबत्यांस चरकाचार्यांचा स्वेदननिषेध तेथेही लागू आहे. निंब-गुग्गुळाचा धूप जरूर करावा, पण मच्छरदाणीऐवजी नव्हे.

सर्पदंशाविषयी स्पष्टच लिहितो. ग्रंथांत अरिष्टाबंधन सांगितले असले तरी घोणस व फुरसे यांच्या दंशात आवळून बांधल्याने अवयवाची हानी वाढते. बांधू नये, कापू नये, चोखू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास प्रतिविष लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरित न्यावे. ते रुग्णालय कोणते व रात्री वाहन कोणाचे, हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

काय पाहावे

औषधनिर्मात्यांनी या सहलीस अवश्य यावे. कुड्याचेच उदाहरण घ्या. बाजारात पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली येते आणि मग कुटजारिष्टाचा गुण आला नाही म्हणून बोल वैद्याला लागतो. वाळलेल्या सालीवरून हा भेद ओळखणे कठीण, झाडावर मात्र सोपे. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची जोडी टोकाशी जुळलेली असते, पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा सुट्या लोंबतात. पांढऱ्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचे गोडे. तसेच ओढ्याकाठचा अर्जुन आणि वरच्या रानातला ऐन. दोहोंच्या फळांना पंखासारखे पाच पदर असतात, पण अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट व पापुद्रे सुटणारी, तर ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. हाताने एकदा स्पर्श केला की आयुष्यभर विसर पडत नाही.

गवळी, मेंढपाळ व वनवासी यांना औषधींचे नाम व रूप ठाऊक असते, असे चरकाचार्य म्हणतात. आपल्या परिसरातील वारली व कातकरी बांधवांपैकी एखादा जाणकार सोबत घ्यावा आणि त्यास त्याच्या दिवसाचा योग्य मोबदला द्यावा. तानसा अभयारण्याच्या हद्दीत गेल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीवाचून पानही तोडता येत नाही. छायाचित्र व टिपणवही पुरेशी आहे.

येत्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा जाणार आहोत. यादीत पहिले नाव रुग्णालयाचे आहे, दुसरे गावातील त्या वृद्धाचे, आणि खाद्यपदार्थ सर्वांत शेवटी. व्यवसायबंधूंनीही आपली यादी याच क्रमाने करावी, ही विनंती.